स्टेडियम कुणासाठी?

२०२३ मध्ये बुडापेस्टला नीरजने ८८.१७ मीटर भाला फेकला, आपण सगळे नाचलो. मला मात्र जास्त कौतुक त्या स्टेडियमचं! जागतिक स्पर्धेपुरत्या सुमारे ३५ हजार जागा. नंतर वरचा मजला चक्क उतरवायचा, उरतील १५ हजार. रोजच्या ॲथलेटिक्सला तेवढ्या पुरतात.

आणि आपण? २०१० च्या राष्ट्रकुलासाठी दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर पाण्यासारखा पैसा ओतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे गाण्याचा जलसा झाला, ट्रॅकवर कचऱ्याचा सडा! भाडं मिळतं म्हणे. मिळेल की; पण भाड्याने धावपटू घडत नाहीत.

आता २०३० ला अहमदाबाद. फटाक्यांचं नंतर बघा हो. आधी सांगा, २०३१ मध्ये पहाटे सहाला तिथलं गेट कुणासाठी उघडणार?