पदवी संपायच्या आत एम. ए.? आधी हिशेब मांडा, मग अर्ज भरा

तालुक्याच्या कॉलेजात बी. ए., बी. एस्सी. करणाऱ्या पोरांच्या तोंडी सध्या एक प्रश्न आहे. ‘पदवी संपायच्या आतच एम. ए. सुरू करता येतं म्हणे, खरं का?’ कोणी सांगतं, आता दोन डिग्र्या एकदम करता येतात. कोणी सांगतं, एम. ए. एका वर्षाचं झालं. कोणी म्हणतं, एम. ए. ची गरजच उरली नाही, चार वर्षांची पदवी घेतली की थेट पीएच. डी. या तिन्ही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे, आणि थोडं खरं असलं की माणूस जास्त फसतो. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर पोराची दोन वर्षं आणि घरचा पैसा लावायचा नसतो. म्हणून वाचकहो, एकेक गोष्ट सुटी करून पाहू.

दोन पदव्या एकदम : नियम काय म्हणतो

१३ एप्रिल २०२२ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्या एकाच वेळी करायला मोकळीक दिली, ही गोष्ट खरी आहे. एक पदवी कॉलेजात बसून आणि दुसरी मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने करता येते. तासांच्या वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही कॉलेजात बसूनही करता येतात. पण याचा अर्थ बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोराने नाशिकच्या मुक्त विद्यापीठात एम. ए. चा अर्ज भरावा, असा होत नाही. एम. ए. ला पात्रता पदवीची, आणि ती हातात आल्याशिवाय त्या वर्गाचं दार उघडत नाही. बी. ए. सोबत दुसरी बी. ए. किंवा एखादी पदविका चालते. एकदा पदवीधर झालेल्याला एम. ए. सोबत वेगळ्या विषयातली दुसरी पदवीही करता येते. पहिल्याच पदवीसोबत एम. ए. मात्र या नियमात बसत नाही.

राहिला शेवटच्या वर्षाचा प्रश्न. तिसऱ्या वर्षाचा निकाल यायचा असतानाच एम. ए., एम. एस्सी. च्या प्रवेश परीक्षेला बसता येतं. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी-पीजी आणि आयआयटीची जॅम या दोन्ही परीक्षांना शेवटच्या वर्षाची मुलं बसतात. तिथे प्रवेश मिळतो तो तात्पुरता. पदवीचा निकाल दिलेल्या मुदतीत हजर करावा लागतो. एखादा विषय मागे राहिला असेल तर हातात आलेली जागा निघून जाते. तेव्हा पुढच्या वर्गाची तयारी करताना मागचे विषय आधी साफ करा.

चौथं वर्ष म्हणजेच एम. ए. चं पहिलं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा साचा बदलला. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी तो २०२३-२४ पासून घेतला आणि संलग्न महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून आला. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्सची पदवी घ्या, असे दोन रस्ते झाले. जून २०२४ मध्ये आयोगाने पदव्युत्तर शिक्षणाचा आराखडा दिला, त्यात तीन वर्षं करून आलेल्याला एम. ए. दोन वर्षांचं आणि चार वर्षं करून आलेल्याला एका वर्षाचं ठरलं.

राज्याच्या आराखड्यात पदवीच्या चौथ्या वर्षाचा आणि एम. ए. च्या पहिल्या वर्षाचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे सत्राला २२ आणि वर्षाला ४४ क्रेडिट. दोन्हीकडे सत्राला मुख्य विषयाचे १४ आणि ऐच्छिक विषयाचे ४. दोन्हीकडे पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ आणि दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे ४. दोन्ही वर्षांची पातळीही एकच धरली आहे. म्हणजे पाटी वेगळी, वर्ग तोच. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला बसलेलं पोरगं कागदावर पदवीचं असतं, पण अभ्यास एम. ए. च्या पहिल्या वर्षाचा करत असतं. ‘पदवीतच एम. ए. सुरू’ या बोलण्यात जे खरं आहे ते एवढंच.

हे अगदी नवं आहे असंही नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २००६ पासून बारावीनंतर सलग पाच वर्षांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम चालतो आणि शेवटी पदवी व पदव्युत्तर दोन्ही एकत्र मिळतं. फरक असा, की तिथे मोजक्या जागांवर प्रवेश परीक्षेतून निवडून गेलेली मुलं असतात. आता तीच वाट गावाकडच्या साध्या कॉलेजापर्यंत आणायचं बोललं जात आहे.

वर्ष वाचत नाही, मग काय वाचतं?

बोटांवर मोजा. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. कुठूनही गेलात तरी पाचच वर्षं. एक वर्ष वाचतं असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब करून दाखवा.

पण गावाकडच्या घराला खरा प्रश्न आहे तो चौथं वर्ष कुठे काढायचं याचा. धडगाव, जत, भोकर किंवा अहेरीच्या पोराला एम. ए. साठी जिल्ह्याच्या नाहीतर विद्यापीठाच्या गावी जावं लागलं, तर खोलीचं भाडं आलं, खाणावळ आली, सणावाराचं जाणं-येणं आलं. हे दोन वर्षं करायचं की एक वर्ष, यात एका साध्या शेतकरी कुटुंबाला मोठा फरक पडतो. चौथं वर्ष तालुक्यालाच झालं तर पोरगं सकाळी एसटीने जातं, दुपारी परत येतं आणि पेरणी-काढणीला हाताशीही असतं. मग शहराचा खर्च उरतो एका वर्षाचा.

मुलीच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी मोठी आहे. बी. ए. झालं की स्थळं यायला लागतात, आणि ‘आता दोन वर्षं शहरात कशाला?’ असा सूर घरात निघतो. तेच चौथं वर्ष ओळखीच्या कॉलेजात, रोजच्या गाडीने होणार असेल तर वडील सहसा नाही म्हणत नाहीत. अर्धं एम. ए. पदरात पडलेल्या मुलीला उरलेल्या एका वर्षासाठी वसतिगृहात पाठवायला घरचे राजी होतात. तीन वर्षांनी थांबलेली मुलगी मात्र बहुतेक वेळा थांबतेच. नव्या रचनेचा खेड्याला काही फायदा असेल तर तो असा आहे.

घोडं पेंड खातं ते इथे

हे सगळं घडायचं तर तालुक्याच्या कॉलेजात चौथं वर्ष असायला हवं. ते चालवायला शिकवणारी माणसं लागतात, प्रयोगशाळा लागते, ग्रंथालय लागतं. ऑनर्सचा एक प्रकार संशोधनासह आहे. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि त्या विभागात पीएच. डी. चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक लागतात. आपल्या ग्रामीण कॉलेजांत अनेक विभागांचा गाडा तासिका तत्त्वावरच्या माणसांवर चालला आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एका विषयाला एकच कायम प्राध्यापक, तोच परीक्षेचं बघतो, तोच राष्ट्रीय सेवा योजनेचंही. तिथे दोन मार्गदर्शक आणायचे कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरी अडचण पैशाची. ग्रामीण भागात पदव्युत्तर वर्ग बहुतेक विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. पदवीची तीन वर्षं अनुदानित आणि चौथं वर्ष विनाअनुदानित असा प्रकार झाला, तर वर्ग गावातच राहील पण फीचा आकडा शहरासारखा होईल. मग खोलीभाड्यात वाचलेला पैसा फीमध्ये जाईल.

तिसरी अडचण वेळेची. २०२४-२५ ला प्रवेश घेतलेल्यांचं तिसरं वर्ष २०२७ च्या उन्हाळ्यात संपतं. चौथ्या वर्षाची मान्यता, शिक्षक आणि वेळापत्रक ही सगळी तयारी त्याच्या आधी व्हायला हवी. निकाल लागल्यावर संस्थेने प्रस्ताव पाठवला तर ते वरातीमागून घोडं ठरेल.

कोणी कुठला रस्ता धरावा

सगळ्यांनीच चौथ्या वर्षाला बसावं असं नाही. ज्याला एमपीएससी, यूपीएससी किंवा बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्याला तीन वर्षांची पदवी पुरते. त्याने चौथ्या वर्षात वेळ घालवण्यापेक्षा अभ्यासाला लागावं.

ज्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं आहे, त्याला पूर्ण एम. ए. किंवा एम. एस्सी. आणि वर बी. एड. लागतं. नुसत्या ऑनर्सवर ते काम होत नाही. चौथं वर्ष केलं तर पाचवंही करायचं, हे त्याने आधीच पक्कं धरावं.

ज्याला संशोधनात जायचं आहे, त्याच्यासाठी ही वाट खरोखर जवळची आहे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर पीएच. डी. प्रवेशासाठी एम. ए. ची अट राहत नाही. राखीव प्रवर्गांना पाच टक्के सवलत आहे.

आणि ज्याचं मन मुख्य विषयात रमलेलं नाही त्याने जपून पाऊल टाकावं. एका वर्षाचं एम. ए. हे ज्या विषयात ऑनर्स केलं त्याचंच पुढचं पाऊल आहे. इतिहासात चौथं वर्ष करून मग अर्थशास्त्राकडे वळायचं म्हटलं, तर दोन वर्षांचा रस्ता पुन्हा समोर येऊ शकतो.

शेतकऱ्यांची पोरं आवर्जून विचारतात ते बी. एस्सी. अ‍ॅग्रीचं. ती पदवी आधीपासूनच चार वर्षांची आहे, मग एम. एस्सी. एका वर्षाचं का नाही? शेतीचं शिक्षण भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या नियमांवर चालतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारही विद्यापीठांत एम. एस्सी. दोन वर्षांचंच आहे. कला-विज्ञानाचा हिशेब तिकडे लावू नका.

कॉलेजात जाऊन हे विचारा

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुलासोबत पालकांनी कॉलेजात एक चक्कर मारावी. पुढच्या गोष्टी विचाराव्यात, आणि उत्तर शक्यतो लेखी घ्यावं.

एक, आमच्या विषयाला चौथं वर्ष इथे आहे का, आणि त्याला विद्यापीठाची मान्यता मिळाली आहे का?
दोन, ते अनुदानित की विनाअनुदानित? फी किती, आणि शिष्यवृत्ती चालू राहील का?
तीन, शिकवणारे कायम किती आणि तासिकेवर किती?
चार, चौथं वर्ष मध्येच सोडावं लागलं तर तीन वर्षांच्या पदवीचं काय?
पाच, याच विषयाचं एका वर्षाचं एम. ए. आपल्या विद्यापीठात कुठे आहे आणि जागा किती?

चौथा प्रश्न विसरू नका. घरी दुखणं आलं, पाऊस फिरला, की शिक्षण मध्येच सुटतं. तेव्हा हातात कोणता कागद राहतो हे आधी माहीत असावं. एम. ए. च्या पहिल्या वर्षानंतर थांबलं तर पदव्युत्तर पदविका मिळते, ऑनर्सच्या चौथ्या वर्षानंतर थांबलं तर ऑनर्सची पदवी मिळते. अभ्यास सारखा असला तरी कागद वेगळे आहेत, आणि नोकरीच्या जाहिरातीत कोणता कागद मागतात ते बघून रस्ता ठरवावा. मिळवलेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात, पण जास्तीत जास्त सात वर्षं. तेव्हा त्या बँकेतलं खातं उघडलेलं आहे आणि त्यात नोंदी बरोबर पडल्या आहेत, हे दरवर्षी तपासा.

१९४७ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं आणि गरिबाच्या पोराला कमवून शिकायची सोय केली. त्यानंतर तालुक्या-तालुक्याला कॉलेजं झाली आणि पदवी घराजवळ आली. आता पाळी एम. ए. च्या निम्म्या वाटेची आहे. चौथं वर्ष फक्त शहरातल्या स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठाच्या आवारात राहिलं, तर नव्या रचनेचा लाभ शहरच घेईल आणि गावाकडचं पोरगं तीन वर्षांचा कागद घेऊन घरी बसेल. निदान प्रत्येक तालुक्यात एका कॉलेजात तरी मुख्य विषयांचं चौथं वर्ष अनुदानित असावं आणि तिथल्या रिकाम्या जागा भरल्या जाव्यात, ही मागणी पालकांनी, ग्रामपंचायतींनी आणि संस्थांच्या सभासदांनी आतापासून लावून धरायला हवी. आमदार मत मागायला येतात तेव्हा रस्त्याचं आणि पाण्याचं विचारता, तसं एकदा कॉलेजातल्या चौथ्या वर्षाचंही विचारा.