संपादकीय : एक रिकामा रकाना



शिक्षणाचा उद्धार यंत्राच्या द्वारे होईल ही आशा आजची नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, नासाचा उपग्रह उसना घेऊन इस्रोने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पाठ पोहोचविले. २००४ साली केवळ शिक्षणकार्यासाठी म्हणून एज्युसॅट अवकाशात गेला. आणि सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ज्याचा पाठपुरावा केला तो क्यूआर कोड पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत येऊन स्थिरावला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिकवणीची जाहिरात घरोघर पोहोचली असताना या साऱ्या उद्योगाचा ताळेबंद मांडावा, या हेतूने यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग त्यास वाहिला आहे.

व्यापाराची भरती-ओहोटी वाचकांस विदितच आहे : २०२२ मध्ये जिचे मूल्य २२ अब्ज डॉलर ठरले, ती ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कज्जात सापडली. संशोधनाचा निर्वाळा मात्र अधिक सूक्ष्म आहे. पेरू देशाने लाखो मुलांना लॅपटॉप वाटले, परंतु २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणितात वा भाषेत ती मुले इतरांहून सरस आढळली नाहीत. याउलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांनी माइंडस्पार्क या संगणकीय शिकवणीच्या केंद्रांत शाळेबाहेरच्या वेळात अभ्यास केला, तेव्हा साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोहोंत त्यांनी लक्षणीय मजल मारली. कारण नववीत बसलेला विद्यार्थी प्रत्यक्षात पाचवीच्या गणितापाशी अडखळत असेल, तर ते यंत्र त्याच्यापुढे नववीचे समीकरण न टाकता पाचवीचा अपूर्णांक ठेवी, आणि उरलेला अर्धा वेळ शिक्षक लहान गटास शिकवी. भरगच्च वर्गात एकट्या गुरुजींना जे साधत नाही ते येथे साधले, पण गुरुजींना वगळून नव्हे.

आमच्याकडे शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत संगणक-संचांची संख्या, खरेदीची तारीख आणि किंमत बिनचूक उतरते; त्या संचांमुळे कोणत्या मुलाचा कोणता अपूर्णांक सुटला, याला मात्र रकानाच नाही. सबब तो रकाना आखल्याखेरीज नव्या खरेदीस मंजुरी देऊ नये, आणि जी कंपनी त्यात त्रयस्थ तपासनिसाचा शेरा घेण्यास राजी नसेल तिची निविदा बेलाशक दप्तरदाखल करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मताचा प्रतिवाद करणारे लेखही आम्ही याच अंकात आदरपूर्वक छापले आहेत. तेही वाचकांनी अवश्य वाचावेत.