सांभाळून घेणारे साहेब

यावलच्या कुठल्याही कार्यालयातला निरोप समारंभ घ्या. शाल, श्रीफळ, फरसाणाच्या प्लेटा, आणि कुणीतरी माइक धरून गहिवरणार, "साहेबांनी आम्हाला लेकरासारखं सांभाळून घेतलं." मीही एकदा हेच बोललो होतो. आज ते वाक्य मागे घेतो.

माझे ते साहेब मनाने खरंच चांगले. केळीकापणीच्या दिवसांत रजा मागितली की अर्ज न वाचता सही. काही चुकलं तर "राहू दे, मी बघतो." आणि बघायचेही, टिपणी स्वतः लिहायचे, जळगावच्या बैठकीला स्वतः जायचे. मी सहा वर्षं आवक-जावक नोंदवही भरली. विभागीय परीक्षेचा विषय काढला तर म्हणाले, "घाई काय आहे? मी आहे ना." पुढे त्यांची बदली झाली, आणि मला साधी टिपणी लिहिता येत नव्हती.

मग कडक साहेब बरा, शिव्या खाऊनच माणूस घडतो, असं म्हणणारे भेटतात. हे बोलणारे सगळे तगलेले असतात. जे रजा टाकून घरी बसले, त्यांना कोण विचारायला जातं?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: मोठं व्हायचं ते स्वतःच्या हिमतीवर, साहेबाच्या नावाने बोटं कशाला मोडायची? माझा आळस मला मान्य आहे. पण नोकरदाराची हिंमत शेवटी गोपनीय अहवालापाशी येऊन थांबते. सीमा सडक संघटनेतले अभियंता देव दत्त यांना एका वर्षी 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीला 'खूप चांगला' लागत होता. शेरा वाईट नव्हता, म्हणून कुणी कळवलाही नाही, आणि बढती हुकली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शेरा बरा असो वा वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. कोर्टाला हे सांगावं लागलं, यातच आपल्याकडचे साहेब आले.

माझ्या लेखी साहेबाचं माप वेगळं आहे: त्याच्या हाताखालून गेलेली माणसं आज कुठे आहेत? आपल्याच जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्याचीच पुढे विप्रो झाली. 1966 मध्ये वडील वारले आणि अझीम प्रेमजींनी 21 व्या वर्षी कारभार हाती घेतला. विप्रोच्या शेअर्समुळे अमळनेरातली किती घरं श्रीमंत झाली, हे खानदेशात चवीने सांगतात. मला दुसरीच गोष्ट मोठी वाटते. प्रेमजींच्या हाताखाली अशोक सूटा यांनी 1984 पासून विप्रोचा संगणकाचा धंदा सांभाळला, वाढवला, आणि 1999 मध्ये बाहेर पडून, विप्रोतलेच काही जुने लोक घेऊन माइंडट्री उभी केली. विप्रोचा यात तोटा झाला असेल. मी कर्मचाऱ्याच्या बाजूने लिहितोय.

केळीवाल्याला हे समजावावं लागत नाही. झाडाला घड एकदाच येतो. सुरुवातीला पिलं कापावी लागतात, नाहीतर घड भरत नाही. पण वेळ आली की एक जोमदार पील राखावंच लागतं, नाहीतर पिलबाग कशाची धरणार? आमच्या साहेबांना त्यातलं कापण्यापुरतंच ठाऊक.

नंतर आलेले साहेब तोंडाने तिखट होते. माझी पहिली टिपणी लाल शाईने तीनदा परत आली. चौथ्यांदा म्हणाले, "खाली तुझी सही कर." जळगावच्या बैठकीत त्या विषयावर प्रश्न आला तेव्हा त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली. "काम यांचं आहे, हेच सांगतील." माझा घसा कोरडा पडला. परतीच्या एसटीत ते एवढंच बोलले, "शेवटचा आकडा चुकला." परीक्षेचा फॉर्म त्यांनीच समोर बसवून भरून घेतला. माझी बढतीवर बदली झाली तेव्हा कार्यालयात दोन जागा रिकाम्या होत्या, तरी तिसऱ्या दिवशी मला कार्यमुक्त केलं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी भाषणाला त्यांच्या हाताखालचं जुनं कुणी नव्हतं. एक जण चोपड्याला, एक धुळ्याला, आणि मी जळगावला मार्चअखेरच्या बिलांत. शाल कुणी घातली, मला माहीत नाही.