रविवारचे पाय

घोड्यांच्या लाइनीत ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना सोमवारची पहाट आठवत असेल. शनिवारी दुपारनंतर घोडा आत बांधला की रविवारचा पूर्ण दिवस तो उभाच. सोमवारी पाचला कंदील घेऊन स्टेबलमध्ये शिरलं की आधी दिसायचे ते मागचे पाय. ढोपराच्या सांध्यापासून खुरापर्यंत खांबासारखे गोल. बोटाने दाबलं की खड्डा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. नवा सवार घाबरायचा. जुना दफेदार म्हणायचा, "कुछ नहीं, खड़े-खड़े भर गए हैं. पट्टी बाँध दो."

मी तेव्हा नवा होतो. पट्ट्या बांधायला शिकलो आणि चांगल्या बांधायला शिकलो. आज इतक्या वर्षांनी माझं मत असं झालं आहे की आपण पट्टी बांधायला जरा जास्तच लवकर शिकतो.

पाय का सुजतात ते आधी पाहू. घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळपास नाहीच. हाड, कंडरा, शिरा आणि कातडी, एवढंच. आपल्या पोटऱ्या चालताना रक्त वर ढकलतात, तशा पोटऱ्या घोड्याला तिथे नाहीत. त्याचा पंप खुरात आहे. टाप जमिनीवर पडली की खुराच्या तळाची मऊ गादी दबते, खूर किंचित फाकतो आणि तिथलं रक्त वर ढकललं जातं. लसिकावाहिन्यांतलं पाणीही पायाच्या हालचालीवरच वर चढतं. घोडा उभा राहिला की पंप मंदावतो आणि पाणी खाली साचतं. मोकळ्या रानात घोडा चरता चरता दिवसभर पावलं टाकत असतो. आपण त्याला चार भिंतींत उभा करतो, वर कामाच्या दिवसाइतकाच दाणा घालतो.

पुढे माझी बदली डोंगरात, खेचरांच्या कंपनीत झाली. तिथली खेचरं रोज ओझं घेऊन चढायची. पाठीला जखमा, नाल निखळणं, पोटदुखी हे सगळं पाहिलं. पण उभं राहून भरलेले पाय तिथे क्वचितच दिसले. आमचा वेळ खोगीर आणि नाल पाहण्यात जायचा, पायाच्या पट्ट्या पेटीतच पडून असायच्या.

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहितो आहे ती सांगतो. एका पावसाळ्यात मैदान चिखलाने बंद होतं, म्हणून घोडे सलग दोन दिवस आत. सोमवारी सात-आठ घोड्यांचे मागचे पाय भरलेले. आम्ही ओळीने पट्ट्या बांधत गेलो. त्यात बिजली नावाची घोडी होती. तिचा एकच पाय सुजला होता, मागचा डावा, आणि सूज ढोपराच्याही वर गेली होती. सकाळची चंदी तिने अर्धी ठेवली होती. मी दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि पट्टी बांधून पुढे गेलो. ड्यूटीचा तक्ता भरायचा होता, आणि पट्टी बांधली की काम झाल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी पट्टी सोडली तर पाय तापलेला होता आणि घोडी तो जमिनीला लावेना. थर्मामीटरने १०४ दाखवले. घोड्याचं साधारण तापमान ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. डॉक्टर साहेबांनी खुराच्या वर मागच्या बाजूला, चिखलाने पडलेली बोटभर भेग दाखवली. तिथून जंतू शिरले होते. लिम्फँजायटिस, म्हणजे लसिकावाहिन्यांची सूज. घोडी वाचली, पण तो पाय पुन्हा कधी बारीक झाला नाही. परेडच्या ट्रूपमधून तिचं नाव कमी झालं. मला कुणी शिक्षा केली नाही. साहेब एवढंच म्हणाले, "हाथ लगाकर देखा था?" पट्टी बांधताना हात लावलाच होता. पण पाहण्यासाठी लावला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सुजलेला पाय दिसला की आधी हात, मग पावलं, आणि पट्टी सगळ्यात शेवटी.

हात कशासाठी? दोन्ही पाय सारखे भरलेत, गार आहेत, दाबल्यावर घोडा पाय ओढत नाही, चंदी खाल्ली आहे, तर तो उभा राहिल्याचा परिणाम. दहा-वीस मिनिटं हाताने चालवा, सूज उतरू लागेल. एकच पाय सुजलाय, गरम आहे, दुखतोय, लंगडतोय किंवा ताप आहे, तर चालवू नका, डॉक्टरांना बोलवा. चालवूनही उतरत नसेल, किंवा चारही पायांबरोबर पोटाखालीही सूज असेल, तरी डॉक्टरच. खुरामागची भेग रोज शोधा.

पट्टी वाईट नाही. म्हाताऱ्या घोड्याला, लांबच्या प्रवासात, कष्टाच्या कामानंतर ती उपयोगी पडते. खाली कापसाची गादी सारखी लावून, दोन्ही पायांना, बोट आत जाईल इतकी सैल. पण सकाळी बारीक पाय पाहून आपण समजतो की सगळं ठीक आहे, आणि घोडा पुन्हा दिवसभर उभाच राहतो.

काही जण म्हणतील, सुट्टीला माणसं कमी असतात, जवानालाही रविवार हवा. बरोबर आहे. मीही रविवारची वाट पाहिली आहे. पण एक जवान दोन घोडे धरून वीस मिनिटं फिरवू शकतो. वाडगं असेल तर तेवढंही नको, नुसतं सोडायचं. आणि सुट्टीच्या दिवशी दाणा कमी, गवत जास्त, याला तर एकही माणूस जादा लागत नाही.

हे माजी सैनिकांसाठी मुद्दाम लिहितो, कारण आपले बरेच जण निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईकडच्या रायडिंग स्कूलमध्ये नोकरी धरतात. तिथे घोडा तासभर चालतो आणि तेवीस तास उभा असतो. मालकाला पांढऱ्याशुभ्र पट्ट्या आवडतात. त्याला सांगायचं धाडस आपणच करायला हवं, की साहेब, पट्ट्यांचे पैसे वाचवा आणि मागची पडीक जागा कुंपण घालून द्या. तुमचं तो ऐकेल, कारण फौजेतला माणूस घोडा जाणतो असा त्याचा विश्वास आहे. मी त्या सोमवारी जाणत नव्हतो.

जय हिंद.