आश्रयाचा अपराध
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सायंकाळी टेकलो, की ९ ऑगस्ट १९४२ रोजी येथील सभेस निघालेल्या कस्तुरबांना सरकारने अटक केली, हे स्मरते. आणि त्यानंतर भूमिगतांना ज्या गृहिणींनी गुपचूप पानावर वाढले, त्यांचे ते अन्नदानही कायद्याच्या लेखी गुन्हा ठरू शकत होते, कारण त्याच वर्षी दंडसंहितेत ‘आश्रय’ शब्दाची व्याख्या घालून निवाऱ्याबरोबर अन्न, वस्त्र, पैसा, वाहन हेही तीत बसविण्यात आले होते. गुन्हेगारास दडविणाऱ्याला शिक्षा फर्माविणाऱ्या कलम २१२ ने पतिपत्नींना तेवढी माफी दिली, आईला नाही. २०२४ साली अमलात आलेल्या न्यायसंहितेच्या कलम २४९ मध्येही हा भेद शाबूत आहे, आणि अपरात्री पोराला दार उघडणारी माउली एकाही मसुदाकारास आठवू नये, याचे मला नवल वाटते.