नोकरी सोडण्याचा हक्क



वॉलॉंगॉंगमध्ये आपल्यापैकी अनेकजण मालकाने प्रायोजित केलेल्या व्हिसावर आले. २०१३ च्या मध्यापर्यंत ४५७ व्हिसावर नोकरी सुटली, की नवा प्रायोजक शोधायला फक्त २८ दिवस मिळत. त्या धास्तीने वरिष्ठांचा जाच निमूट सोसणारे संशोधक मी पाहिले आहेत.

ही मुदत पुढे ९० दिवस झाली, २०१६ मध्ये ६० वर आली. १ जुलै २०२४ पासून मात्र एका वेळी १८० दिवस, व्हिसाच्या संपूर्ण काळात ३६५ दिवस मिळतात. त्या दिवसांत दुसरीकडे कामही करता येते. व्हिसाचा धाक घालून राबवून घेणे आता फौजदारी गुन्हा आहे.

तरी गाठ सुटलेली नाही. कायम वास्तव्यासाठीचा १८६ व्हिसाचा अर्ज एका विशिष्ट मालकाच्या नामांकनावर उभा असतो. निकालाआधी त्याला सोडले, की नवे नामांकन, नवा अर्ज, नवी फी.

अशा वेळी "आम्हीही सोसलंच की" हे पीआर मिळालेल्यांचे उत्तर असू नये. नवागतांना हे हक्क सांगूया, त्यांच्यासाठी शब्द टाकूया. आणि अर्ज मालकाला नव्हे, माणसाला जोडलेला असावा, ही मागणी आपल्या खासदारापुढे मांडूया. आपल्यापैकी जे नागरिक झाले, त्यांना आता मत आहे, नवागतांना नाही.