ड्रायव्हरची पिशवी कुणाच्या नावावर?

लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो. डिव्हाइस एकच, पण ते दोन प्रोग्रॅम्सनी उघडलंय. मग कुणाचं सेटिंग कुठे ठेवायचं?

ग्लोबल व्हेरिएबलमधे ठेवलं तर एकाने बदललेला मोड दुसऱ्याच्या माथी. म्हणून मग काही हुशार मंडळी प्रोसेस आयडीनुसार टेबल बनवतात. माझ्या मते हा उपाय सगळ्यात फसवा, कारण तो बरेच दिवस चालतो! मग कुणीतरी फोर्क करतं, किंवा उघडलेली फाईल युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसला देतं, आणि टेबलाचे बारा वाजतात.

खरं उत्तर साधं आहे. डेटा डिव्हाइसचा नाही, प्रोसेसचाही नाही, तो त्या एका 'ओपन'चा आहे. दर ओपनला कर्नल एक 'स्ट्रक्ट फाईल' बनवतं आणि त्यात 'प्रायव्हेट_डेटा' नावाचा व्हॉइड पॉइंटर असतो. स्टेशनवरच्या क्लोकरूमसारखं समजा. पिशवीत काय आहे, याच्याशी कर्नलला देणंघेणं नाही. आणि पावती तुम्ही भावाच्या हातात दिलीत तरी पिशवी तीच.

फोर्क किंवा डुप केलं की नेमकं हेच होतं: डिस्क्रिप्टर दोन, स्ट्रक्ट फाईल एकच. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, दोघं एकाच वेळी रीड करू शकतात, तेव्हा "माझ्या ओपनचा डेटा आहे, लॉक कशाला?" हे चालत नाही. दोन, 'फ्लश' दर क्लोजला येतो, पण 'रिलीज' शेवटचा संदर्भ सुटल्यावर एकदाच. मेमरी मोकळी करायची ती रिलीजमधेच.

"व्हॉइड पॉइंटर म्हणजे टाइपच्या नावाने बोंब" अशी तक्रार असते. मला ती पटत नाही. कर्नलला टाइप कळायची गरजच नाही, त्याने फक्त आयुष्य सांभाळावं. उलट लिनक्सने एक गोष्ट फ्रीबीएसडीकडून जरूर शिकावी. तिथे ७.१ आवृत्तीपासून 'सीडेव्हप्रिव्ह' आहे: पॉइंटर ठेवतानाच तो मोकळा करणारं फंक्शनही सोबत द्यायचं. पिशवी ठेवतानाच ती कोण नेणार हे ठरलेलं!

असो. पुढचा ड्रायव्हर लिहिताना प्रत्येक फील्डला एकदा विचारा: बाबा रे, तू कुणाचा? डिव्हाइसचा की ओपनचा?